बिशपच्या नालांना स्टड

रविवार, ५ एप्रिल
ईस्टरच्या दिवशी मिस्सा संपल्यावर चर्चच्या फाटकाशी डर्व्हलाने विचारलं, मे महिन्यातल्या जोडीच्या शर्यतीत माझा जोडीदार होशील का. डर्व्हला बेकरीवाली. मी एकटा जीव, पण तिच्याकडून रोज दोन पाव घेतो. ही शर्यत म्हणजे दोघांनी आपापले घोडे शेजारी शेजारी पळवत दगडी कुंपणं, ओंडके आणि शेवटी तो मोठा चर ओलांडायचा. मी हो म्हणालो. लहानपण घोड्याच्या पाठीवरच गेलं, असंही म्हणालो. ते गाढव होतं, पण बसण्याची पद्धत तीच.

घोडाही घरचाच. भाची डब्लिनला गेली तेव्हा तिचा हा बिशप माझ्या शेतात सोडून गेली. पांढरं, कॉनेमारा जातीचं तट्टू, पोट सुटलेलं.

संकल्प: उद्यापासून रोज सकाळी सराव.

मंगळवार, ७ एप्रिल
काल ईस्टर सोमवारची सुट्टी, म्हणून सराव नाही. आज चढलो. फाटकाशी ओल्या गवतावर बिशप घसरला. चारेक बोटं असेल. लगेच उतरलो. बिशपला ग्रिप नाही. अशा अवस्थेत मुक्या जनावराला पळवणं म्हणजे क्रूरपणा.

गुरुवार, ९ एप्रिल
उपाय सापडला. स्टड. नालाला आट्यांचं भोक पाडायचं, शर्यतीच्या दिवशी त्यात पान्याने लोखंडी दाता आवळायचा. चिखलाला मोठा बोथट, कडक जमिनीला लहान टोकदार. मोठे मागवले. जन्म गॉलवेच्या पावसात गेला, चिखल मला कुणी शिकवू नये. पार्सल येईपर्यंत सराव बंद. फार हलकं वाटतंय.

गुरुवार, १६ एप्रिल
पार्सल लवकर आलं. उगीच घाई करतात. नालबंद मायलोकडून भोकं पाडून घेतली. तो म्हणत होता, एवढ्याशा उड्यांना मागच्या पायांत दोन पुरे. मी म्हणालो, प्रत्येक खुराला दोन, एकूण आठ. तो हसला. म्हणाला, "आठ लावलेस तर हा कुठेही जाईल. तुझी जायची तयारी आहे का?"
मायलोला नको तिथे हसायची सवय आहे.

रविवार, १९ एप्रिल
डर्व्हला घोडी घेऊन सरावाला आली. मी सांगितलं, भोकांत माती गेली आहे, ती काढून तेलात भिजवलेले कापसाचे बोळे बसवल्याशिवाय काही करता येणार नाही. त्यात दुपार गेली. ती कुंपणावर बसून बघत होती. बोळे सारखे हातातून पडत होते. वारा होता.

मध्येच तिने विचारलं, त्या चराची तुला भीती वाटते का. मी पुष्कळ वेळ हसलो. म्हणालो, मला फक्त खुरांची काळजी. ती कुंपणावरून उतरली आणि घोडी घेऊन परत गेली. तिने आणलेला पाव तसाच राहिला, मग तो मीच खाल्ला.

रविवार, २६ एप्रिल
आठही स्टड लावून पहिला सराव. बिशप अजिबात घसरला नाही. हाच घोटाळा झाला. इतके दिवस बिचारा जपून चालायचा. आज पायाखालची जमीन आपलीच आहे हे त्याला कळलं आणि तो सुटला. मी मानेला मिठी मारून संत अँथनींचा धावा केला. ते हरवलेल्या वस्तू शोधून देतात. माझं काही हरवलं नव्हतं, पण दुसरं नाव आठवेना.

निष्कर्ष: स्टड उत्तम. बिशपचा स्वभाव उतावळा.

शनिवार, २ मे
तीन आठवडे पावसाचा थेंब नाही. असं इथे कधी होत नाही. जमीन रस्त्यासारखी कडक, आणि माझे स्टड चिखलाचे. आवाज बदलून शर्यतीच्या कमिटीला फोन केला, शर्यत रद्द आहे का. पलीकडचा म्हणाला, "नाही रे फिन्बार. ये तू, घाबरू नकोस."

सोमवार, ४ मे, सकाळ
पहाटेपासून आठही स्टड तीनदा काढून पुन्हा आवळले. भीती वाटते असं नाही. म्हणजे वाटते, खूप वाटते, पण ती बिशपसाठी.

सोमवार, संध्याकाळ
पहिल्या कुंपणावरून बिशप पलीकडे गेला. मी अलीकडे राहिलो.

पुढच्या सगळ्या उड्या त्याने डर्व्हलाच्या घोडीला खेटून एकट्याने मारल्या. चरसुद्धा. लोक उठून टाळ्या वाजवत होते. नियमाप्रमाणे जोडी बाद.

खांदा धरून डर्व्हलाला शोधायला गेलो, तर ती घोड्यांच्या गाडीमागे वाकून ओकत होती. तोंड पुसून म्हणाली, "दरवर्षी होतं मला हे. त्या चराची नुसती आठवण झाली तरी घोडी मागे फिरवावीशी वाटते. ईस्टरला हो म्हणताना तुझे गुडघे लटपटत होते. तू आधीपासून मनात होतास, पण ते गुडघे बघून धीर आला. वाटलं, चला, आपल्यासारखं कुणीतरी आहे." मग अगदी हळू विचारलं, "घाबरला होतास ना?"

मी म्हणालो, "मी? छे. जमीन निसरडी होती."

तिने खाली पाहिलं. आमच्या दोघांच्या बुटांवर धूळ होती. खांद्याला बर्फ लाव म्हणाली, आणि घोडीला गाडीत चढवायला गेली.

रविवार, १० मे
फाटकाशी डर्व्हलाने शाळामास्तर लॉर्कनना विचारलं, पुढच्या वर्षी जोडीला येणार का. हा माणूस गाय दिसली तरी रस्ता ओलांडतो. सगळ्यांदेखत म्हणाला, "बाई, मी भीतीने मरेन." ती केवढी हसली. त्याचा हात धरला तो बेकरीपर्यंत सोडला नाही. मास्तरकडे घोडा नाही, म्हणून तिने बिशप मागितला आहे. मी हो म्हणालो. स्टडसकट.

सोमवार, ११ मे
स्टड काढून पुसून ठेवले. आठही शाबूत, एकही झिजलेला नाही. प्रयोग यशस्वी म्हणायला हरकत नाही.

बेकरीत गेलो होतो. पाव एकच घेतला.