मडगार्डवर बसलेला माणूस

प्रिय दादा,

खांदा कसा आहे? वहिनी म्हणाली, हात अजून वर जात नाही, शर्टही तीच घालून देते. ती फोनवर बोलत होती तेव्हा मागून तुझा खोकला ऐकू आला. तू फोन घेतला नाहीस आणि मीही 'त्याला दे' म्हटलं नाही.

मला दूध केंद्रावर काम मिळालंय. कॅन धुऊन हात पांढरेफटक पडतात, पण डोकं शांत राहतं. छोटीने बाबांबद्दल विचारणं सोडलंय. मामा का येत नाही, हे मात्र रोज विचारते.

परवा वकीलसाहेब घरी आले होते. मला समजेल असं सांगितलं त्यांनी. ट्रॅक्टरला सीट एकच, चालवणाऱ्याची. मडगार्डवर बसलेला माणूस गेला तर विमा कंपनी हात वर करते आणि सगळी भरपाई मालकावर येते, म्हणजे तुझ्यावर. जमीन विकावी लागेल. पण हे रस्त्याच्या कडेने चालत होते आणि ट्रॅक्टर त्यांच्यावर उलटला असं मी सांगितलं, तर कंपनी पैसे देईल. "तुमचा भाऊही तसंच सांगणार आहे," म्हणाले. मी हो म्हटलं, दादा. कपडे वाळत घालताना घोकतही होते, चालत होते, चालत होते.

पण त्या सकाळी मी दारातच उभी होते ना. तू म्हणालास, "चला दाजी, कालव्यावरचा पंप बघून येऊ." हे टुणकन मडगार्डवर चढले. मी ओरडले, "पडाल हं!" तर म्हणाले, "तुझा भाऊ पाडेल का मला?" आणि तुम्ही दोघंही खदाखदा हसलात. ट्रॅक्टरच्या आवाजातही ते हसू वळणापर्यंत ऐकू येत होतं. माझ्याकडे त्यांचं शेवटचं तेवढंच उरलंय. ते पुसून त्यांना एकट्याला रस्त्याने चालवायला माझी जीभ रेटत नाही.

उद्या मी भरपाईचा दावा मागे घेतेय. वकिलांकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. खोटं बोलणार नाही, आणि खरं बोलून तुझी जमीनही घेणार नाही. तुला माफ केलंय असं समजू नकोस. ते अजून जमत नाही, पुढे जमेल की नाही, ठाऊक नाही. पण ते हसू ऐकलेली माणसं आता दोनच उरलीत, तू आणि मी. कोर्टात समोरासमोर उभं राहून आपणच ते झालं नाही म्हटलं, तर त्यांच्याबद्दल मी बोलू कुणाशी?

तुझीच,
धाकटी