एकाचं माप

४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वाढदिवसाचं कार्ड सोडून माझ्या हातचं पत्र पाहून तू आधी चष्मा पुसशील. फोन केला असता, पण हल्ली दिवसभर फोनच उचलतो. घरी आल्यावर त्या यंत्राकडे बघवत नाही.

झालं असं, की मला लिफ्टच्या खड्ड्यातून काढून तक्रारींच्या टेबलावर बसवलंय. कंपनीने नवीन डॉक्टरीणबाई नेमल्या आहेत. त्यांनी सगळ्या मेकॅनिकना काट्यावर उभं केलं. आमच्या कमरेचा सुरक्षेचा पट्टा हत्यारांसकट एकशे दहा किलोंपर्यंतच पेलतो. हत्यारं दहा किलोंची, म्हणजे माणूस शंभराच्या आत हवा. मी निघालो एकशे तेरा. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि जून अखेरपर्यंतची मुदत दिली. तोवर उतरलो नाही तर टेबल कायमचं. एकतीस वर्षं लिफ्टच्या डोक्यावर उभा राहून काम केलं ताई, आता खिडकी नसलेल्या खोलीत बसून लोकांना सांगतो की माणूस येतोय.

बाईंनी खाण्याचा कागद दिलाय. काल उकडलेला कोबी रेडिओ ऐकत खाल्ला. त्यातल्या त्यात रेडिओ बरा होता. कागद वाचून दाखवत नाही, पण साय-चीज घालून भाजलेल्या थरांच्या बटाट्याला त्यात जागा नाही. आणि ही गेल्यापासून मी संध्याकाळी दुसरं काही करतच नाही. मला येतंही तेवढंच. आईने तुला शिकवलं, तू हिला, आणि हिला करताना बघून बघून मी उचललं. तू त्यातली जाणकार. ते खाऊनही माणूस उतरेल असं काही जमतं का, एवढं सांग.

माया कमी झालेली नाही, पत्रंच कमी झाली होती. ती तुटू देऊ नकोस.

तुझा
ढब्बू

१५ जानेवारी

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसले, मग वाईट वाटलं, मग परत हसले. लहानपणी तू कपाटावर चढून बसायचास आणि आई खालून ओरडायची. तुला खाली बसवणं तिलाही जमलं नाही, ते एका काट्याने केलं.

आता ऐक. साय, लोणी आणि किसलेलं चीज ही तीन माणसं तुझ्या घरातून बाहेर काढायची. साईऐवजी घट्ट दही फेटून घे. बटाटे निम्मे, बाकीचे थर फ्लॉवरचे. कांदा लोण्यात परतू नकोस, झाकण ठेवून मंद आचेवर त्याच्याच पाण्यात शिजव, चांगला मऊ होतो. मी रविवारी करून पाहिलं. पहिल्या खेपेला दही फाटलं आणि फ्लॉवरला इतकं पाणी सुटलं की सूपच झालं. दुसऱ्या खेपेला दह्यात चमचाभर पीठ घातलं, फ्लॉवरला मीठ लावून अर्धा तास ठेवला आणि फडक्यात पिळला. मग बसलं. वरून शिळ्या पावाचा चुरा भाजून घाल, म्हणजे चीजची आठवण येणार नाही. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना ताटली दिली, त्यांनी बोटं चाटली.

इकडे काम भरपूर आहे. लोक हल्ली नवीन शिवत नाहीत, जुनंच सैल करून नाही तर आवळून घेतात. तुझी पँट आवळायला माझ्याकडेच पाठवायची, दुसऱ्या शिंप्याकडे गेलास तर बघ. लेकीचा फोन दर पंधरा दिवसांनी येतो. ती तिकडे परदेशात मजेत आहे, आवाज मात्र पाण्याखालून आल्यासारखा येतो.

पत्राची वाट पाहणारं कोणीतरी आहे हे लक्षात ठेव.

ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

एकशे दहा. बाईंनी काटा हलवून बघितला, तरी तेच.

तुझं फ्लॉवरचं प्रकरण पहिल्या दिवशी घशाखाली उतरेना. चव वाईट नव्हती, ओळखीची नव्हती. तिसऱ्या दिवशी कांद्याचा वास आला आणि बरं वाटलं. पण एक अडचण आहे आणि ती सांगायला लाज वाटते. मला एकासाठी करताच येत नाही. हिच्या मापाने करतो, ते दोघांचं. मोठं भांडं, चार बटाटे, दोन कांदे. मग आपला वाटा खातो आणि पलीकडे अर्धं भांडं तसंच राहतं. ते टाकवत नाही. दुसऱ्या दिवशीसाठी ठेवावं तर फ्रीज उघडताना तो वाटा हिचा आहे असं वाटत राहतं. म्हणून तोही मीच संपवतो. वरचे तेरा किलो असे आले, ताई. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा मी जिभेचे चोचले असं सांगून मोकळा झालो.

टेबलावर आज एका आजोबांचा फोन होता. लिफ्ट बंद नव्हती, त्यांना ती चालू आहे एवढंच सांगायचं होतं. पंधरा मिनिटं बोलले. मीही फोन ठेवला नाही.

आहेस तशीच माझ्यावर रागवत राहा.

तुझा
ढब्बू

२० फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मशीनवर ठेवून दोन दिवस काम केलं. शेवटी म्हटलं, मी शिंपीण, मला माप काढता येतं, तेच करावं.

मोठं भांडं उचलून माळ्यावर टाक. टाकवत नसेल तर शेजाऱ्यांना दे. पावाच्या लादीएवढं छोटं भांडं आण. दीड बटाटा, पातळ चकत्या. फ्लॉवरचे सात तुरे. एक लहान कांदा. वाटीभर दही, चमचाभर पीठ, मिरपूड. लोणी फक्त भांड्याला बोट फिरवण्यापुरतं. हे मी तीनदा करून, वजन करून, लिहून ठेवलंय. यात दुसरा वाटा निघत नाही. भांडं संपलं की जेवण संपलं. तिचा वाटा तू खाल्ला नाहीस म्हणून ती उपाशी राहणार नाही रे. तिला असं तुला फुगवायचं नव्हतं.

नर्सबाई म्हणाल्या की यात थोडं जायफळ हवं. त्यांच्या जिभेवर माझा विश्वास आहे.

खांद्यावरचं ओझं वाटून घ्यायला मी आहे, विसरू नकोस.

ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

एकशे पाच. जिना चढताना आता मधल्या मजल्यावर थांबून नोटीस बोर्ड वाचल्याचं सोंग करावं लागत नाही. छोटं भांडं आणलं. पहिल्या आठवड्यात जेवण संपल्यावर हात कुठे ठेवावा कळेना. आता भांडं घासून फिरायला जातो.

आज सुट्टी होती म्हणून तुझी सगळी पत्रं ओळीने वाचली. त्यांत दही कसं फाटलं, पाणी किती सुटलं, वरचा चुरा कसा भाजायचा, नर्सबाई काय म्हणाल्या, सगळं आहे. तुला कसं लागलं हे एकातही नाही. तू खाल्लंस ना, ताई?

उत्तराकडे डोळे लावून,
ढब्बू

११ एप्रिल

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

एकशे पाच म्हणजे कमालच केलीस. इकडे शाळेच्या गणवेशांची घाई आहे, सत्तर नग आहेत. काजं करून करून बोटं दुखतात. नर्सबाईंची रात्रपाळी बदलली. पुढच्या खेपेला फ्लॉवरऐवजी भोपळा घालून बघ, रंग छान येतो. बाकी सगळं ठीक.

आठवण ठेवतेस म्हणून तुला बरं वाटावं इतकंच,
ताई

१७ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घाईत तू मला लिहिताना ‘ठेवतेस’ लिहिलंस. इतक्या वर्षांत तुझ्या पत्रात एक मात्रा चुकलेली पाहिली नाही.

मी एवढंच विचारलं होतं की तू खाल्लंस का. अजून तेच विचारतोय.

ढब्बू

५ मे

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

नाही. एकदाही नाही.

चार वेळा पत्र लिहून फाडलं, म्हणून उशीर. लेक तिकडे गेल्यापासून मी जेवायला बसलेच नाही असं म्हटलं तरी चालेल. सकाळी चहा-बिस्किट उभ्याने, दुपारी मशीनवर काहीतरी, संध्याकाळी परत चहा. तुला एकासाठी करता येत नाही म्हणून तू दोघांचं खातोस, मला एकटीसाठी करवत नाही म्हणून मी करतच नाही. तुझं पत्र आलं तेव्हा ओव्हन दोन वर्षांनी पेटवला. कोणासाठी तरी आहे म्हटल्यावर हात आपोआप चालले. झालं की नर्सबाईंना द्यायचे. एकदा चमचा उचलला होता, पण समोरच्या खुर्चीकडे पाहिलं आणि परत ठेवला.

नर्सबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी धरून नेऊन सगळ्या तपासण्या केल्या. रोग काही नाही. वजन एकेचाळीस. लोकांचे कपडे आवळते आणि रविवारी माझे स्वतःचे आवळते. मोजपट्टी आपल्याभोवती धरायची आणि आकडा वहीत लिहायचा नाही, असं चाललंय. लेकीला सांगू नकोस, ती सगळं सोडून येईल.

तू येऊ नकोस. तुझी मुदत जवळ आली आहे आणि माझ्याकडे आलास तर माझ्याबरोबर बसून खाशील. मला ते कळतं.

मोठी बहीण लहान झाली तरी चालवून घे.

ताई

३ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू नको म्हटलंस आणि मी आलो, हे जुनंच आहे. तुझ्याकडच्या आठ दिवसांत आपण चार वेळा भांडलो, तेही मोजून ठेवलंय.

तीस जूनला काट्यावर उभा राहिलो. तुझ्याकडे निघालो तेव्हा एकशे एक होतो आणि परत आलो तेव्हाही एकशे एकच, त्यामुळे बाकीचे दिवस धाकधूक होती. भांड्याच्या मधोमध कणकेची भिंत घालून एकीकडे तुझं साय-लोणी आणि एकीकडे माझं दही-फ्लॉवर भाजायची युक्ती तुझी, तिलाच श्रेय. नव्याण्णव पूर्णांक सहा निघालं. बाईंनी सही केली आणि पहिल्यांदाच हसल्या.

काल खड्ड्यात उतरलो. सोळा मजल्यांची इमारत, दोर काळेभोर, तेलाचा तोच वास. वरपर्यंत जाऊन ब्रेक तपासला आणि थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण घरी आलो, दार उघडलं आणि सांगायला कोणी नव्हतं. बूट न काढताच हे लिहायला बसलो.

तू स्टेशनवर हात हलवताना तुझी बांगडी कोपरापर्यंत सरकली. तेच डोळ्यांसमोर आहे. मी आता दर आठवड्याला तुझं वजन विचारणार. चिडलीस तरी विचारणार.

हाक मारलीस तर पुढच्या गाडीने निघेन.

तुझा
ढब्बू

१४ जुलै

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

नव्याण्णव पूर्णांक सहा. नर्सबाईंना वाचून दाखवलं, त्या टाळ्या वाजवत होत्या. आईला सांगावंसं वाटलं.

तू गेल्यावर घर आधीपेक्षा मोठं झालं. दोन दिवस परत चहावर काढले, लपवत नाही. तिसऱ्या दिवशी तुझ्या खुर्चीवर गणवेशांचा गठ्ठा ठेवला, म्हणजे ती रिकामी दिसणार नाही. रविवारी ओव्हन पेटवला. एक बटाटा, साय, लोणी, चीज, सगळं घसघशीत. ताट मांडलं, पाणी घेतलं आणि बसले. पहिला घास तोंडात तसाच धरून ठेवला होता. मग गिळला. पाच घास झाले आणि रडू आलं, कशाचं ते विचारू नकोस. डोळे पुसून सहावा घेतला. अर्धं खाल्लं.

नर्सबाईंचं दार ठोठावायला उठले होते. जिन्याच्या कठड्यापर्यंत ताटली नेली. मग परत आणली आणि झाकून ठेवली. सकाळी गरमसुद्धा न करता मी ती खाल्ली, बसून.

वजन साडेएकेचाळीस. पुढच्या आठवड्याचं पुढच्या पत्रात विचार, मी चिडणार नाही.

ताई