दहा वाजताची पातळी

शनिवार, दि. १४ ऑक्टोबर २०२३

चि. बायोस,

आशीर्वाद आहेतच. आमच्या प्रकृती वयाला शोभतील अशा आहेत. माझा गुडघा कुरकुरतो. तुझी काकू म्हणते की गुडघा बिचारा गप्प असतो, कुरकुरता ते तुम्ही.

तुझी ‘टेकडीवरचा तोफखाना’ ही पुस्तिका मंगळवारी पोहोचली. एकदा आनंदाने वाचली, दुसऱ्यांदा पेन्सिल हातात घेऊन. पहिले वाचन अधिक सुखाचे झाले.

पान चारवर तू म्हणतेस की तोफखान्यात चार तोफा होत्या. चबुतरे तीन होते आणि तोफा दोन. तिसऱ्या चबुतऱ्यावर सुताराने लाकडी ओंडका तासून, काळा रंग देऊन बसवला होता, म्हणजे समुद्रावरून पाहणाऱ्याला तीन तोफा दिसाव्यात. तो इतका हुबेहूब होता की तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्याने विचारले, “हिला तेलपाणी कोण करतं?” सुतार म्हणाला, “मीच साहेब. वाळवी लागते ना!” चौथी तोफ तू कोठून आणलीस ते कळव.

पान सातवर, तोफा वाहून आणणारा तराफा ‘तीन महिने चिखलात रुतून होता’ असे आहे. नऊ दिवस. चौकीदाराच्या वहीत रोजची नोंद आहे आणि नवव्या दिवशी त्याने ‘सुटला एकदाचा’ असे लिहिले आहे, जे सरकारी वहीत शोभत नाही, परंतु निःसंदिग्ध आहे.

पान नऊवर ‘या तोफा कधीही धडाडल्या नाहीत’ हे वाक्य आहे. शत्रूवर धडाडल्या नाहीत, असे म्हण. सराव वर्षातून चार वेळा होत असे. त्या सकाळी गावात दवंडी फिरे, लोक काचेच्या खिडक्या उघड्या टाकत आणि औषधवाला फळीवरच्या बाटल्या उतरवून जमिनीवर मांडत असे. एकदा तो विसरला. पुढे आठवडाभर बाजारपेठेला कापराचा वास येत होता.

आता पान सोळा. तेथे तू लिहितेस: ‘१२ मार्च १९६१ रोजी निरीक्षकाच्या चुकीमुळे सरावाचा एक गोळा टग बोटीच्या धुरांड्यातून आरपार गेला. हे निरीक्षक माझे वडील होते, हे लेखिका प्रांजळपणे नमूद करते.’ आणि सोबतच्या चिठ्ठीत कळवतेस की हेच वाक्य तोफखान्याच्या प्रवेशद्वारावरच्या पितळी पाटीवर यायचे असून ओतकाम गुरुवारी सुरू होईल.

बारा मार्चला रविवार होता. रविवारी सराव होत नसे. ती घटना मंगळवारी, चौदा तारखेला घडली.

एवढे लिहून मी काल पेन खाली ठेवले होते. पाकीटही चिकटवले होते. तुझी काकू समोर बसून मटार सोलत होती. म्हणाली, “किती चुका निघाल्या?”

“तेहेतीस.”

“सगळ्या बायोच्याच?”

मी म्हटले, “दुसऱ्या कोणाच्या असणार?”

तिने एक शेंग सोलली, दुसरी सोलली. मग म्हणाली, “उघडा ते पाकीट. चौतिसावी लिहा. मी काही चहा ठेवत नाही तोवर.”

म्हणून हे दुसरे पत्र. पहिले फाडले, त्यात चूक नव्हती, अपुरेपणा होता.

आमची कामाची पद्धत तुला ठाऊक नसेल. तुझे वडील, म्हणजे दादा, टेकडीवर अंतरमापकाशी उभे असत. लांबच्या जहाजाच्या पाण्यालगतच्या रेषेवर दुर्बीण रोखली की ते यंत्र टेकडीच्या उंचीवरून जहाजाचे अंतर काढून देई. परंतु भरतीला समुद्र वर येतो, ओहोटीला खाली जातो, आणि तेवढीच टेकडीची उंची कमीजास्त होते. म्हणून प्रत्येक तासाच्या ठोक्याला निरीक्षकाने नळीतून ओरडून विचारायचे, “पातळी?” आणि खालच्या खोलीतल्या लेखनिकाने भरती-ओहोटीच्या कोष्टकात पाहून, फळ्यावर खडूने लिहून, आकडा परत सांगायचा. तो आकडा यंत्रावर चढवला की मगच अंतर खरे.

तो लेखनिक मी. वय चोवीस, नोकरीला दीड वर्ष.

त्या मंगळवारी दुपारी एक बडे अधिकारी येणार होते आणि त्यांच्या स्वागताचे मानपत्र कोणी तरी अत्यंत गबाळे लिहून ठेवले होते. मला ते पाहवेना. मी तांबडी शाई घेऊन बसलो. दहाचा ठोका पडला. नळीतून दादांचा आवाज आला, “पातळी?” मी मान वर न करता म्हणालो, “बारा.” बारा हा नऊ वाजताचा आकडा होता आणि फळ्यावर तसाच राहिला होता. दहाचा आकडा होता आठ.

टेकडीवर चार फुटांची चूक म्हणजे समुद्रावर दीडशे यार्डांची चूक. टग लक्ष्याचा तराफा दोनशे यार्ड दोराने मागे ओढत आमच्याच दिशेने येत होती. गोळा आखूड पडला. उरलेले पन्नास यार्ड तोफेच्या जुन्या स्वभावाने भरून काढले. सरावाचा गोळा भरीव असतो, फुटत नाही, म्हणून कोणाला दुखापत झाली नाही. फक्त टगच्या कप्तानाच्या कपात काजळी पडली आणि दोन आठवडे त्याला ओरडून सांगावे लागे.

चौकशी भोजनकक्षात झाली. साहेबांनी दादांना विचारले, “दहा वाजता पातळी विचारली होती?”

दादा म्हणाले, “नाही साहेब. राहून गेलं.”

मी तेथेच, दादांच्या मागे, इतिवृत्त लिहीत बसलो होतो. ते वाक्य मी लिहून घेतले. बायो, पुस्तिकेच्या शेवटी तू आधार म्हणून ज्या चौकशीच्या कागदांचा उल्लेख केला आहेस, ते माझ्या हस्ताक्षरात आहेत. त्यांत शुद्धलेखनाची एकही चूक तुला सापडणार नाही. फक्त ते खरे नाहीत.

बाहेर पायऱ्यांवर मी दादांना गाठले. ते म्हणाले, “तू अजून कच्चा आहेस, तुला सरळ घरी पाठवतील. मला फार तर इथून हलवतील. रडू नकोस, लोक बघतायत.” आणि दोन पायऱ्या उतरून पुन्हा वळून म्हणाले, “पुढच्या वेळी बघून सांग.”

त्यांना हलवले ते गोदीत, टगच्या धुरांड्याला ठिगळ लावायला. तेथे कप्तानाची मुलगी वडिलांचा डबा घेऊन येत असे. पहिल्याच दिवशी तिने विचारले, “बाबांच्या चहात गोळा टाकणारे ते तुम्हीच का?” पुढचे तुला तुझ्या आईकडून शंभरदा ऐकून पाठ झालेले असेल. ठिगळाचे काम आठवड्याचे होते. दादांनी ते दोन महिने पुरवले. वर्षाच्या आत तोफखाना सोडून ते टगवर रुजू झाले आणि अकरा वर्षांनी तिचे कप्तान झाले. त्यांच्याइतका समाधानी माणूस मी पाहिलेला नाही. त्याच समाधानाच्या आड मी बासष्ट वर्षे लपलो. सगळे चांगलेच झाले, मग सांगायचे कशाला, असे मी स्वतःला बजावत आलो. हा युक्तिवाद व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे.

पान एकोणीसवर तू लिहितेस की दर रविवारी फोनवर बाबा काकांना ‘पातळी?’ असे विचारत आणि काका काही तरी आकडा सांगत. ही दोघा भावांची जुनी गंमत होती, असेही तू म्हणतेस. काही तरी आकडा नव्हे. मी दर वर्षी नवे कोष्टक विकत आणत असे आणि फोन येण्यापूर्वी पान काढून बसत असे. सांगितलेला प्रत्येक आकडा बरोबर होता. शेवटच्या रविवारी रुग्णालयातून त्यांचा आवाज नीट येत नव्हता, तरी विचारलेच. मी म्हटले, “साडेनऊ.” ते म्हणाले, “बघून ना?” मी म्हटले, “बघूनच, दादा.” मग त्यांनी फोन तुझ्याकडे दिला.

कोष्टक मी अजूनही आणतो.

हे सारे मी काल प्रथमच काकूला सांगायला सुरुवात केली, तर ती म्हणाली, “मला माहीत आहे. वहिनींनी तुमच्या-माझ्या लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी सांगितलं होतं.”

“मग तू इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“तुमचा आकडा होता. तुम्हीच सांगायला हवा होता.” आणि उठून चहा ठेवला.

तेव्हा तुझ्या आईलाही ठाऊक आहे. तिला विचार, हसेल. मात्र पितळेवरचे अक्षर खोडरबराने पुसता येत नाही, म्हणून ओतकाम करणाऱ्याला बुधवारपर्यंत हे वाक्य दे: ‘पातळी-लेखनिकाने न पाहता आकडा सांगितल्यामुळे गोळा आखूड पडला. निरीक्षकाने आपले काम चोख केले होते.’ लेखनिक कोण, हे पुस्तिकेत खुशाल छाप. काकू हे पत्र आजच्याच टपालात स्वतः टाकणार आहे. माझ्यावर तिचा या बाबतीत विश्वास नाही.

उद्घाटनाला आम्ही येत आहोत. मला चबुतऱ्याजवळ खुर्ची ठेव. पुस्तिका चांगली झाली आहे, हे मी पहिल्याच पानावर लिहायला हवे होते. दुसऱ्या आवृत्तीसाठी तारखा येणेप्रमाणे दुरुस्त कराव्यात:

तराफा चिखलात रुतला: ३ जून १८९३. सुटला: १२ जून १८९३.
पहिला सराव: ८ नोव्हेंबर १८९३, तू म्हणतेस तसा ‘नंतरच्या वर्षी’ नव्हे.
धुरांड्यातून गोळा गेला: मंगळवार, १४ मार्च १९६१, सकाळी दहा वाजून बावीस मिनिटे.
चौकशी: १७ मार्च १९६१. त्या दिवशीचे इतिवृत्त चुकीचे आहे.
तुझ्या आईवडिलांची पहिली भेट: ३ एप्रिल १९६१. ही तारीख तू दिलेलीच नाहीस, आणि तोफखान्याच्या इतिहासात तिच्याइतकी महत्त्वाची दुसरी नाही.
इतिवृत्ताची दुरुस्ती: १४ ऑक्टोबर २०२३.
त्याच दिवशी सकाळी दहा वाजताची पातळी: सात फूट. बघून लिहिली आहे.

तुझा काका,
पातळी-लेखनिक