बेल्टच्या आतलं नाव

इचोडा,
गुरुवार, ५ जानेवारी २०२३

प्रिय तुळजा,

'प्रिय' लिहिलं म्हणून लगेच पाघळू नको. पत्राची रीत असते, म्हणून लिहिलं. तुझं पार्सल काल दुपारी पोचलं. कुरिअरवाल्यानं ते आमच्या ह्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात टाकलं आणि ह्यांनी मालाचा डबा समजून कात्रीनं फाडलं. आतून निघाला तुझा कराटेचा ब्लॅक बेल्ट. वापरून वापरून कडेनं पांढरा पडलेला, आतल्या बाजूला पांढऱ्या दोऱ्यानं तुझं नाव शिवलेलं, आणि त्याच्याखाली माझ्या नावासाठी बोटभर जागा सोडलेली. सोबत दोन पानी चिठ्ठी. रविवारी तू माझ्या क्लासच्या पोरींची बेल्ट टेस्ट घ्यायला येणार, तेव्हा मी हा बेल्ट बांधून उभं राहावं म्हणे. सर्टिफिकेटचं तू वर बोलून ठेवलं आहेस, मला परीक्षेला बसायची गरज नाही म्हणे. बाप्पा बाप्पा, केवढी ही मेहरबानी! वरातीमागून घोडं ऐकलं होतं, तू तर लग्नाला सहा वर्षं होत आल्यावर घोडं पाठवून राह्यली. माझ्या सासूनं, प्रयागबाईनं, बेल्ट हातात घेऊन ओढून पाह्यला आणि म्हणाली, "मजबूत हाय वं, बकरी बांधाले होईल." आयुष्यात पहिल्यांदा मला तिचं बोलणं पटलं.

तू रीत पाळलीस असं तुला वाटत असेल. माणिकराव सरांची रीत. पण ती रीत तू विसरलीस, म्हणून पुन्हा सांगते. मावल्याच्या शाळेमागच्या मैदानात आपण पहिल्या दिवशी उभ्या राह्यलो तेव्हा कोणापाशीच बेल्ट नव्हता, ओढणीच कमरेला बांधली होती. सरांनी सांगितलं होतं, जो वर चढेल त्यानं आपला जुना बेल्ट स्वतःच्या हातानं मागच्याच्या कमरेला बांधायचा, आणि आत आपल्या नावाखाली त्याचं नाव लिहायचं. "बेल्ट बाजारात भेटते, बांधणारा हात बाजारात नाही भेटत," असं ते म्हणायचे. हातानं बांधायचा, तुळजा. कुरिअरनं नाही.

आणि त्या चार वर्षांत बांधणारा हात कोणाचा होता? मी कायम तुझ्याहून एक टेस्ट पुढे. यलो, ऑरेंज, ग्रीन, ब्लू, चारही बेल्टांवर आधी माझं नाव, खाली तुझं. तुला गाठ धड येत नव्हती. डाव्या बाजूचं टोक लांब राहायचं आणि लाथ मारताना पायात यायचं. मी गुडघ्यावर बसून ती गाठ सारखी करायचे, आणि तू वरून मला चिडवायचीस, "माझी माय होय का तू?" ब्राऊनला तेवढी आपण बरोबरीला आलो. माझा ब्राऊन माझ्याच कमरेला होता, म्हणून तू नवा कोरा घेतलास. त्या दिवशी तुला केवढा आनंद झाला होता! मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

पण मी बावळट. मला वाटायचं, आपल्या दोघींचं एकच आहे. मी मामाकडे मावल्याला कॉलेजसाठी राहायचे, तुझ्या घरी जेवायचे, तुझ्या आईच्या, आशाबाईंच्या, हातची ज्वारीची भाकर आणि ठेचा खाऊन परत मैदानात. मधल्या काळात राज्य वेगळं झालं, तेव्हा आपल्याला किती हसू आलं होतं. यलो बेल्टच्या सर्टिफिकेटवर आंध्र प्रदेश, ग्रीनच्या सर्टिफिकेटवर तेलंगणा, आणि आपण त्याच मैदानात, त्याच बाभळीखाली. तू म्हणाली होतीस, आपण एका जागी उभ्या राहून दोन राज्यं फिरलो. तेव्हा गंमत वाटली. मग जिल्हा फुटायची वेळ आली आणि ती गंमत माझ्या अंगावर आली.

आता मी तो सप्टेंबर सांगते. तुला आठवतो, मला माहीत आहे, पण तुझ्या चिठ्ठीत तू त्याला 'तेव्हा जे झालं ते' असं म्हटलंस. काय झालं ते नीट म्हण ना. ब्लॅक बेल्टच्या परीक्षेला प्रत्येक जिल्ह्यातून एकच पोरगी जाणार होती. आदिलाबादेत ब्राऊनवाल्या पोरी दोनच, तू आणि मी. रविवारी सरांसमोर निवडीची फाईट. आणि शनिवारी संध्याकाळी तू मला बाभळीखाली बसवून हिशोब समजावलास. दसऱ्याला जिल्हा फुटणार. माझे बाबा बेल्लमपल्लीला, माझं आधार तिथलं, राशनकार्डावर नाव तिथलं. बेल्लमपल्ली मंचेरियाल जिल्ह्यात जाणार. तिकडे ब्राऊनवाली पोरगी एकही नाही. "म्हणजे तुझी जागा बसल्या बसल्या पक्की," तू म्हणालीस. "ही मला सोड. दोघी जाऊ, एकाच गाडीनं." माझा हात हातात घेऊन म्हणालीस. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण जिल्हे नवे, नकाशा नवा, सगळ्यांना वाटत होतं आपल्यालाही त्यातून एक-एक तुकडा जास्त भेटणार. मलाही वाटलं.

रविवारी मी एका पॉईंटनं पुढे होते. शेवटचं अर्धं मिनिट उरलं होतं. सरांच्या हातातलं घड्याळ मला दिसत होतं. मी डावा हात खाली सोडला. तुझी लाथ बरगडीवर आली, तीही अर्धवट, घाबरत घाबरत मारलेली. पूर्ण पॉईंट, म्हणजे थेट जीत, फाईट संपली. सरांनी तुझा हात वर केला. माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाले, "हात पडला का माणूस पडते." त्यांना कळलं होतं, तुळजा. त्यांनी मला कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पुढे ते मुलाकडे नांदेडला गेले, तेव्हा निरोप द्यायला मी गेलेही नाही. कोणत्या तोंडानं जाणार होते?

मग दसरा आला, जिल्हा फुटला. मावल्याचंही मंडल झालं, तालुक्याचा मान भेटला, तुम्ही पेढे वाटले. मी बाबांना घेऊन मंचेरियालला गेले. तिथं संघटनेचा माणूस एका खोलीत बसला होता, दारावर पाटीसुद्धा लागली नव्हती. "रेपु रा अम्मा," उद्या ये म्हणे. उद्या गेले, परवा गेले. चौथ्या दिवशी त्यानं खरं सांगितलं. यंदाची नावं जुन्या जिल्ह्याचीच धरणार, नव्या जिल्ह्याच्या संघटनेला मान्यता यायला दोन वर्षं लागतील, आणि जुन्या जिल्ह्यात तर मी हरलेली. मी तुला फोन केला. तू म्हणालीस, "अरे देवा, मग आता?" त्या 'मग आता' नंतर तू हैदराबादला एकटी गेलीस. गाडी तीच होती, मी तेवढी नव्हते.

आता जे तुला माहीत नाही ते. माझे बाबा, उत्तमराव, खाणीच्या क्वार्टरपाशी भाजीचं दुकान लावायचे, शिफ्ट सुटली की गर्दी. तिथंच कोणीतरी इचोड्याचं स्थळ सांगितलं होतं. मी रडून-भांडून बाबांशी ठराव केला होता: संक्रांतीपर्यंत ब्लॅक बेल्ट आणते, आणला तर दोन वर्षं लग्नाचं नाव काढायचं नाही. बाबा शब्दाचे पक्के. आणला असता तर थांबले असते. नाही आणला, तर चैत्रात मांडव पडला. हे मी तुला त्या शनिवारी सांगितलं नाही. काऊन नाही सांगितलं? सांगितलं असतं तर तू जागा मागितली नसतीस, म्हणून. मला मोठं व्हायचं होतं तुझ्यापुढे. देणारी व्हायचं होतं. चार बेल्ट दिले, पाचवाही देऊन टाकू, अशी मस्ती होती मला.

लग्न होऊन इचोड्याला आले, म्हणजे बघ, फिरून पुन्हा आदिलाबाद जिल्ह्यात, पुन्हा तुझ्याच हाताखाली. आमचे हे माणूस म्हणून चांगले आहेत, खोटं काऊन बोलू? दुकानामागची जागा त्यांनीच मोकळी करून दिली. आज चौदा पोरी येतात. रस्त्यावर नागपूरचे ट्रक धाडधाड जातात आणि मागे आम्ही इची, नी, सान म्हणत असतो. शिकवते मी, पण सही करायला ब्लॅक बेल्ट लागतो, म्हणून दर वर्षी तू येतेस. हॉस्टेलच्या शाळेची पीईटी, म्हणजे खेळाची मॅडम. पोरी तुझ्या पाया पडतात, तू चहा पितेस, माझ्या पोरींच्या कागदावर तुझी सही होते, आणि जाताना तू माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतेस, "छान करून राह्यली." तो हात मला कधीच सहन झाला नाही. दर वर्षी वाटायचं झटकून टाकावा. दर वर्षी मी हसून तुला बसपर्यंत सोडायला आले.

पण खरा संताप ह्या वेळच्या चिठ्ठीनं आला. तू लिहिलंस, "माझ्यामुळे तुझं नुकसान झालं, ते मला भरून द्यायचं आहे." अगं, कोण तू भरून देणारी? तू मागितलंस, तो तुझा हलकटपणा, तो मी विसरणार नाही. पण हात कोणी खाली केला? तू ओढला होतास का? माझं नुकसान मी केलं, माझ्या ह्या डाव्या हातानं. सहा वर्षं ते तुझ्या माथी मारून मी सुखानं झोपत होते, आणि आता तू मोठ्या मनानं कबूल करून मोकळी होणार. माझी चूकसुद्धा आयती तुझ्या नावावर? आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

तर ऐक, हे पत्र माफ करायला लिहिलेलं नाही. बेल्ट परत पाठवते आहे, सोबत एक फॉर्म आहे. फेब्रुवारीच्या ब्लॅक बेल्टच्या परीक्षेचा, माझा. त्याच्यावर जिल्ह्याच्या परीक्षकाची सही लागते, म्हणजे तुझी. पण आत्ता करू नको. सहा महिने झाले, मी रोज पहाटे गच्चीवर घाम गाळून राह्यले. आमचे हे उशी धरून उभे राहतात आणि शिव्या खातात. रविवारी ये. पोरींची टेस्ट घे. मग त्याच पोरींसमोर, मी माझा जुना ब्राऊन बांधून आणि तू तुझा हा ब्लॅक बांधून, आपण उभ्या राहू. पूर्ण फाईट नको. घड्याळ लावायचं ते फक्त अर्ध्या मिनिटाचं. तेवढंच उरलं होतं, तेवढंच माझं तुझ्याकडे आहे. हरले तर फॉर्म फाडून टाक, मी एक शब्द बोलणार नाही. जिंकले तर सही कर आणि गप चहा पी. पण तुळजा, माझी दया आली म्हणून तुझा हात एक इंचही खाली आला, तर मी तिथंच थांबेन आणि पोरींना सगळं सांगेन, आधी माझं आणि मग तुझं. हात वर ठेव. आणि गाठ नीट बांधून ये, डावं टोक अजून लांब राहतं तुझं.

तुझीच,
अजून ब्राऊन बेल्टवाली,
रेणुका