वहिनीची सुप्रभा-सान

१८ सप्टेंबर २००५, रविवार

विनय आज परत जेवायला! नवी गाडी सुरू झाल्यापासून त्याला आमचं त्सुकुबा म्हणजे शेजारची गल्ली वाटते. टोकियोतल्या ओजिमाहून निघतो, आकिहाबाराला गाडी पकडतो, आणि आमटीला फोडणी बसतेय तोवर दारात हजर. आम्ही इथे इतकी वर्षं बसने हाल काढले, ते कुणी विचारत नाही.

नात्याचा नाही, इथल्या ओळखीचा. वय एकोणतीस. सॉफ्टवेअर. पगार माझ्या दीडपट तरी असेल, मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. त्याच्या कंपनीचं एक काम टोकियोत, दुसरं सोलमध्ये, त्यामुळे दर महिन्याला कोरिया. जेवताना दुसरा विषय नाही. सोलचा राजवाडा, दारावर रंगीत अंगरख्यातले पहारेकरी, पाठीमागे थेट डोंगर! रात्रभर उघडे बाजार. गरम दगडांची न्हाणीघरं, तिथे लोक म्हणे सहकुटुंब चटईवर झोपतात. "वहिनी, तुम्ही एकदा बघायलाच हवं."

वहिनी, म्हणजे माझी बायको सुप्रभा, पळी हातात धरून ऐकत होत्या. मी वाटी पुढे करून बसलो होतो, ते तिला दिसलंच नाही. शेवटी जुईने सांगितलं, "आई, बाबाला आमटी." आठ वर्षांच्या पोरीला दिसतं!

माझं चित्त थाऱ्यावर नाही हेही खरं. प्रोफेसरांनी मे महिन्यात बोलावून, चहा देऊन, फार वाकून सांगितलं की मार्चनंतर प्रयोगशाळेतला माझा करार वाढणार नाही. नोकरी संपली की माझा व्हिसा संपला, त्याच्यावरच असलेला सुप्रभाचा आणि जुईचाही, व्हिसा संपला की बिऱ्हाड हललं. सुप्रभाला अजून बोललो नाही. आधी दुसरी जागा मिळू दे, मग सांगेन.

२१ सप्टेंबर

सुप्रभा कोरियाला चालली. माझ्याशिवाय!

२२ सप्टेंबर

काल लिहवेना. शेजारच्या किमुरा-सान (सान म्हणजे इथलं नावापुढचं ‘जी’), साठीच्या, नवरा गेल्यापासून एका कोरियन मालिकेच्या नादी लागलेल्या. त्या नायकाचा मफलर, त्याचा चष्मा, तो ज्या झाडांखालून चालला ती झाडं, सगळं त्यांना डोळ्यांनी बघायचंय आणि सोबत हवीय. सोबत म्हणून आमची बायको. सहा दिवस. पैसे तिने मुलांच्या शिकवण्यांतून साठवलेले, म्हणजे मला तोंड उघडायची सोय नाही.

"तू चल म्हटलं तर येणारेस का?" तिने विचारलं. मी म्हटलं, भट्टीत नमुने आहेत. "तेच," ती म्हणाली.

आज ती इमिग्रेशनला जाऊन परतीचा शिक्का घेऊन आली. आम्हा परदेश्यांचा हा एक ताप. जपानबाहेर पाऊल टाकायचं तर आधी हा शिक्का, नाहीतर इथला व्हिसा तिथल्या तिथे मेला. एका फेरीचा मिळतो, किंवा दुप्पट पैसे भरून अनेक फेऱ्यांचा. आम्ही कायम एका फेरीचा घेतो. सुप्रभाने अनेक फेऱ्यांचा घेतला! जी बाई कोथिंबिरीची जुडी परवडत नाही म्हणून खिडकीत धने पेरते, तिने!

विचारलं तर म्हणे, "पुन्हा जावं लागलं तर?"

जावं लागलं तर?

१० ऑक्टोबर, सोमवार

गेली. पहाटेच्या बसने नारिता विमानतळ. जुईला पोळ्यांची चळत, मला सूचना. विनयसुद्धा याच आठवड्यात सोलमध्ये आहे. "अरे, योगायोग!" म्हणाली. आयुष्य प्रयोगशाळेत घालवलंय मी. योगायोग ओळखता येतो मला.

११ ऑक्टोबर

फोन आला. आवाज असा, की बाई अठरा वर्षांची आहे! राजवाडा बघितला. मग जुनी कौलारू घरं असलेली चढाची गल्ली. शहराच्या पोटातून एक ओढा वाहतो, त्यावर इतकी वर्षं उड्डाणपूल होता, तो पाडून याच महिन्यात ओढा मोकळा केलाय. लोक ऑफिस सुटलं की बूट काढून पाण्यात पाय सोडून बसतात. "आम्ही पण बसलो."

आम्ही म्हणजे कोण?

"मी, किमुरा-सान... विनय आला होता ऑफिसातून."

पाण्यात पाय सोडून! लग्नाला अकरा वर्षं झाली, मी तिच्याबरोबर कुठल्या पाण्यात पाय सोडून बसलोय? आठवत बसलो. पानशेतला एकदा, तेव्हा माझी चप्पल वाहून गेली आणि मी परतीच्या वाटेवर एक शब्द बोललो नाही.

१२ ऑक्टोबर

सोराक पर्वत. तारेवरच्या पाळण्यातून वर गेल्या. मेपल पेटल्यासारखे लाल, खाली बौद्ध देऊळ, देवळाच्या वाटेवर रानभाज्यांचं जेवण. हे सगळं सांगताना ती म्हणाली, "रस्सा मात्र विचारून घ्यावा लागतो, पाण्यात सुकी मासळी उकळलेली असते. देवळाजवळच्या बाई म्हणाल्या, आधी कळवलं तर तीस माणसांचं बिनमासळीचं करून देऊ. आणि बस थेट दारापर्यंत येते. संडास स्वच्छ आहेत, फक्त कमी."

पर्वत बघायला जाऊन संडास कोण बघतं? आणि तीस माणसं कुठून आणायची? काहीतरी लपवायचं असलं की माणूस असं भलतंच बोलतं.

१३ ऑक्टोबर

पोळ्या संपल्या. भात करपला. जुई म्हणाली, "दाइजोबु, चालतंय बाबा," आणि कोपऱ्यावरच्या कोनबिनी दुकानातून भाताचा त्रिकोणी गोळा आणून खाल्ला. बापाला धीर द्यायची वेळ आली पोरीवर.

१४ ऑक्टोबर

आज जेजू बेट. समुद्रातून वर आलेला ज्वालामुखीचा खोलगट डोंगर, पहाटे चढून सूर्योदय बघितला. सत्तरीच्या बायका श्वास रोखून समुद्रात बुड्या मारतात, शंख-शिंपले काढून आणतात, त्यावर त्यांचं घर चालतं. "राजीव, त्यातली एक वर आली ना, की शीळ घातल्यासारखा श्वास सोडते. मी नुसती ऐकत उभी राहिले."  मला वाटलं, आता म्हणेल, तू हवा होतास.

म्हणाली, "जुईला दे फोन."

१५ ऑक्टोबर, शनिवार

आली. रापलीय, बारीक झालीय, चांगली दिसतेय. हे लिहितानासुद्धा जळतोय मी.

जुईला हानबोक, म्हणजे तिथला पारंपरिक झगा, घातलेली बाहुली, मला मधात मुरवलेल्या लिंबाच्या फोडींची बरणी, घसा धरतो म्हणून. ठीक. पण विनयसाठी एक जाड पाकीट, चिकटपट्टी लावून बंद. "त्याच्या कामाचं आहे." त्याच्या कामाचं माझ्या बायकोच्या बॅगेत?

१६ ऑक्टोबर

ती आंघोळीला गेली तेव्हा कॅमेरा बघितला. हो, बघितला! डोंगर, देऊळ, समुद्र. आणि मध्येच हॉटेलची पायरी, पार्किंग, जेवणाच्या पाट्या, खोलीतल्या गाद्या. गाद्या!! डोकं भणभणलं.

मग एक चलचित्र. झाडांची सरळ रांग, सुप्रभा मधोमध उभी राहून इंग्रजीत काहीतरी सांगतेय, लाजत, हसत. आणि कॅमेऱ्यामागून विनयचा आवाज: "सुप्रभा-सान, थोडं डावीकडे. हां. परत एकदा."

सुप्रभा-सान!

इथे माझ्या ताटावर बसला की "वहिनी, तुम्ही," आणि समुद्र ओलांडला की सुप्रभा-सान? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ती केस पुसत बाहेर आली. मी विचारलं, "चहा ठेवू का?" भित्रा आहे मी.

१९ ऑक्टोबर

कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं, हे मला कळतं. विनय वाईट मुलगा नाही. जुईला तापात खांद्यावर घेऊन दवाखान्यात धावला होता, मी सेंदाईला परिषदेत होतो तेव्हा. पण हेच! मी नसतो तेव्हा तो असतो.

आणखी एक आठवलं. चार वर्षांपूर्वी सुप्रभा स्टेशनवरच्या प्रवास कंपनीच्या दारातून फुकट माहितीपत्रकं घेऊन आली होती. जेजू, बुसान, ग्योंग्जूची गवताने मढवलेली राजांची थडगी. जमिनीवर पसरून बसली होती. मी म्हटलं, "पेपर होऊ दे, मग जाऊ." पेपर झाला. मग दुसरा झाला. तिने नंतर कधी विचारलं नाही, आणि विचारत नाही म्हणजे हौस नाही असं मी सोयीने धरून चाललो.

२३ ऑक्टोबर, रविवार

विनय आला. मी भाजी घेऊन आत शिरलो तर दोघं बोलायचे थांबले. टेबलावर ते पाकीट फोडलेलं, वर सोलचा नकाशा. विनय म्हणाला, "सुप्रभा-सान, मग फेब्रुवारीचं..." मला बघितलं आणि चटकन, "वहिनी, चहा मस्त झालाय."

चहा अजून झाला नव्हता.

२४ ऑक्टोबर

ओसाकाच्या प्रयोगशाळेचंही नाही म्हणून उत्तर आलं. दुष्काळात तेरावा महिना.

३० ऑक्टोबर, रविवार

फुटलो आज. ती चकल्या पाडत होती. जुई किमुरा-सानकडे. मी सरळ विचारलं, "विनयचं आणि तुझं काय चाललंय?"

तिने सोऱ्या खाली ठेवला. वाटलं रडेल. रडली नाही, चिडलीही नाही. माझ्याकडे बघत राहिली, जसं काही मी फार उशिरा घरी आलोय. मग म्हणाली, "कंपनी चाललीय."

विनय आणि त्याचे दोन मित्र प्रवास कंपनी काढताहेत. ओजिमातल्या, निशिकासाईतल्या आपल्या लोकांसाठी. आयटीतली नवराबायको, लहान मुलं, तिकडून आलेले आईवडील. सगळ्यांना कोरिया बघायचाय, पण खायचं काय, आजींना किती चढवणार, रस्सा कुणाला विचारायचा, तेही कोणत्या भाषेत. हे सगळं सुप्रभाने ठरवायचं. ती दौरा आखणार, माणसं घेऊन जाणार. फेब्रुवारीत पहिले तीसजण. पाकिटात हॉटेलांचे दर होते. चलचित्र जाहिरातीसाठी होतं.

"आणि सुप्रभा-सान?"

"ऑफिसात काय वहिनी म्हणणार तो मला? मीच सांगितलं, कामाच्या वेळी नाव घ्यायचं."

सुटलो असं वाटायला हवं होतं. वाटलंही, घोटभर पाणी पिण्याइतका वेळ. मग दुसऱ्याच बाजूने पोटात दुखायला लागलं. विनयवर जळणं बरं होतं, त्याला शिव्या देता येत होत्या. आता कुणाला देऊ? माझ्याच बायकोला काम मिळालंय, डोंगर मिळालाय, तीस माणसं तिच्यामागून चालणार आहेत. आणि मी अर्ज पाठवतोय, नकार वाचतोय. मी ओरडलो, "मला का नाही सांगितलंस? नवरा ना मी तुझा?"

ती म्हणाली, "सांगते सगळं. आधी तू सांग."

"मी काय सांगायचंय?"

तिने सोऱ्या उचलला. परत चकल्या पाडायला लागली. सगळ्या तुटत होत्या.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

घरात बोलणं फक्त जुईपुरतं. पणत्या बाल्कनीत लावल्या. किमुरा-सान बघायला आल्या, टाळ्या वाजवल्या. उद्या पाडवा. तिला द्यायला काही आणलेलं नाही. स्टेशनजवळच्या दुकानात गेलो, गळ्यातले रुमाल बघितले, रिकाम्या हाताने परत आलो. ती हवं ते आता स्वतःच आणेल.

२ नोव्हेंबर, पाडवा

सकाळी तिने ओवाळलं. ताट पुढे धरून उभी. मी म्हटलं, "यंदा काही आणलं नाही गं."

ती म्हणाली, "मार्चचं तुझ्या तोंडून सांग. तेवढीच ओवाळणी घाल."

जूनपासून माहीत होतं तिला! भाजी घेताना प्रोफेसरांच्या बायकोने वाकून "फार वाईट वाटलं" म्हटलं, आणि ही काय ते समजून गेली. कोरिया, कंपनी, तो अनेक फेऱ्यांचा शिक्का, सगळं त्यानंतरचं.

मी सांगितलं. निरांजन विझायच्या आत सांगून झालं. इतकंच होतं ते.

"बरं," ती म्हणाली. "कंपनी मला नोकरीचा व्हिसा देतेय. मार्चपासून तू आणि जुई माझ्या व्हिसावर."