होल्याची गुलाबी चोच

आषाढ अखेर, १९६८. दिवेलागण.

सकाळपासून देवळाच्या ओट्यावर होले मरून पडताहेत. एक उचलून पाहिला. पाय ताठ, चोचीला गुलाबी कण चिकटलेले.

त्या ओट्यावर नाना रोज पाखरांना दाणे टाकतात. विचारलं, "आज कोणते दाणे टाकलेत?"

"पेरणीनी हायब्रीड ज्वारी उरेल व्हती. तिले किडीनं गुलाबी औषध लायेल व्हतं, पन मी बठ्ठी धुई टाकी. आते काय व्हस तिले?"

देवभोळा माणूस. मुद्दाम कशाला कुणाचा जीव घेईल?

"बाकीची ज्वारी कुठे आहे, नाना?"

"दळाले दिन्ही. आज भंडारा शे ना!"

मी होला पुढे धरला, चोच दाखवली. नाना हसले. "मास्तर, तुम्हले नुसतं पाखरंसनंच पडेल शे." दुर्बीण घेऊन शिवारात हिंडणाऱ्या माणसाचं कोण ऐकणार? गावच्या पंचांकडे गेलो, तेही तेच म्हणाले. भंडाऱ्याचं पीठ टाकलं तर देव कोपेल म्हणे. मग त्याच्याच ओट्यावर हे होले का मेले?

गिरणीत जाऊन आलो. पीठ पांढरंशुभ्र दिसतं. माझीच समजूत चुकतेय का, असंही वाटून गेलं. पण गिरणीवाल्याच्या नखांत तोच गुलाबी रंग होता, होल्याच्या चोचीवरचा.

घरात रॉकेलचा डबा भरलेला आहे. सगळा पिठावर ओतला, तर गाव मला पुन्हा दारात उभं करणार नाही. न करो.

देवळाकडून भाकरी थापल्याचा आवाज यायला लागलाय. निघतो.