रादेकचा टोप

ब्रनो, मार्च १९७४

कॉम्रेड ह्लावाच यांस,

टीव्हीवरच्या शनिवारच्या तरुणांच्या कार्यक्रमात ड्रम वाजवणाऱ्या रादेकचे खांद्यापर्यंतचे केस मी तुमच्याच हुकमाने आखूड केसांच्या टोपाखाली कोंबले. "पडद्यावर लांब केस दिसता कामा नयेत, ब्लाझेनाबाई," असं तुम्ही बजावलं होतंत. रादेक आरशात बघून म्हणाला, "काकू, मी पोस्टातला कारकून दिसतोय!" "हलू नकोस रे," मी म्हणाले.

दुसऱ्याच गाण्यात त्यानं मान झटकली आणि टोप उडून ड्रमवर पडला. कार्यक्रम थेट चालू होता, सगळ्या देशानं ते केस पाहिले. सोमवारी ट्रॅममध्ये पोरं माना झटकून एकमेकांना नमस्कार करत होती.

तुम्ही अहवालात 'तांत्रिक बिघाड' लिहिलंत आणि वर मलाच धीर दिलात, "डिंक जुना असेल हो." मी मान खाली घातली.

निवृत्तीला चार वर्षं आहेत, म्हणून हे पत्र पेटीत टाकणार नाही. पण याआधी बावीस वर्षं मी ऑपेरात टोप चिकटवत होते, साहेब. माणसं त्यात नाचली, तलवारी खेळली, जिन्यावरून गडगडत मेली. तांत्रिक बिघाड एकदाही झाला नाही.

तुमची विश्वासू रंगभूषाकार,
ब्लाझेना